मेंडेल्सोन कसा ऐकावा: सात बैठकांत एक आयुष्य

एकोणिसाव्या शतकातला जर्मन रचनाकार फेलिक्स मेंडेल्सोन याचं संगीत बहुतेकांच्या कानावरून आधीच गेलेलं असतं, फक्त ते त्याचं आहे हे ठाऊक नसतं. वसई, मुंबई, गोव्याच्या चर्चमध्ये नाताळात ‘हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग’ गातात, त्याची चाल मेंडेल्सोनची. चर्चमधलं लग्न लागल्यावर नवरा-नवरी बाहेर पडताना वाजणारा ‘वेडिंग मार्च’ही त्याचाच. (नवरी आत येताना वाजतो तो वाग्नर या दुसऱ्या जर्मन रचनाकाराचा. या दोघांची अदलाबदल सर्रास होते.) अशा दोन-तीन सुटय़ा चालींवरून ‘गोड, सोपा, जरा वरवरचा’ असा शिक्का त्याच्यावर बसला, आणि तो साफ चुकीचा आहे. त्याची मोठी कामं त्याच्या आयुष्याच्या क्रमाने ऐकली, आणि तो जितका रचनाकार होता तितकाच कंडक्टर, म्हणजे वाद्यवृंदाचा संचालक, होता हे ध्यानात ठेवलं, की हा शिक्का आपोआप पुसला जातो. खाली सात बैठका दिल्या आहेत. प्रत्येकीला तास-सव्वा तास धरा, आणि आठवडय़ाला एकीपेक्षा जास्त नको.

बसण्याआधी

मोबाइलच्या स्पीकरवर हे संगीत ऐकू नका. चेलो, बसून (हे एक लांब लाकडी फुंकवाद्य), व्हायोला यांचे खालचे सूर त्यात गळून जातात आणि उरतं ते पातळ, गोडगोड काहीतरी. ‘मेंडेल्सोन हलका आहे’ या मताचं अर्धं मूळ अशा ऐकण्यातच आहे. साधे पण कान झाकणारे हेडफोन पुरतात. ॲपमध्ये दोन गोष्टी तपासा. आवाज एका पातळीवर आणणारी सोय बंद करा, नाहीतर हळू आणि जोरकस यातला फरक सपाट होतो. आणि दोन ट्रॅकमध्ये खंड न पडता वाजवण्याची सोय चालू करा. ती का लागते हे सहाव्या बैठकीत कळेल.

दुसरा घोळ क्रमांकांचा. त्याच्या पाच सिम्फनींचे (सिम्फनी म्हणजे वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना) आकडे छपाईच्या हिशोबाने पडलेत. लिहून पूर्ण होण्याचा क्रम आहे १, ५, ४, २, ३. म्हणजे ‘पाचवी’ सिम्फनी हे त्याचं उतारवयातलं काम नव्हे, ती १८३० साली एकविसाव्या वर्षी लिहिलेली आहे. ओपस, म्हणजे छापील रचनांना दिलेल्या, क्रमांकांचंही तसंच: ७२ पर्यंतचे त्याच्या हयातीत छापले गेले, ७३ पासून पुढचे मृत्यूनंतर इतरांनी दिले. ‘इटालियन’ सिम्फनीचा ओपस ९० आहे म्हणून ती उशिराची समजू नये. ती १८३३ ची. लिहिल्याचं साल नेहमी वेगळं बघून घ्या.

पहिली बैठक: ऑक्टेट, ओपस २० (१८२५)

जन्म हॅम्बुर्ग, ३ फेब्रुवारी १८०९. आजोबा मोझेस मेंडेल्सोन हे ज्यू तत्त्वज्ञ, वडील अब्राहम बँकर. १८११ साली कुटुंब बर्लिनला आलं. १८१६ मध्ये मुलांचा बाप्तिस्मा झाला, आणि १८२२ मध्ये घराण्याच्या नावाला ‘बार्थोल्डी’ अधिकृतपणे जोडलं गेलं. थोरली बहीण फॅनी, जन्म १८०५, तीही तितक्याच ताकदीची पियानोवादक आणि रचनाकार. दोघांचे गुरू कार्ल फ्रीडरिश त्सेल्टर. त्यांनी आधीच्या शतकातल्या बाख या रचनाकाराच्या पद्धतीचं काउंटरपॉइंट, म्हणजे एकाच वेळी स्वतंत्र चालणारे सूरप्रवाह एकमेकांत गुंफण्याची विद्या, पोरांकडून घोटून घेतली.

घरी रविवारी मैफल भरे आणि तिथे पैसे देऊन वादक बोलावले जात. बारा ते चौदा या वयात फेलिक्सने तंतुवाद्यांसाठी बारा छोटय़ा सिम्फनी लिहिल्या. कागदावर उतरलेलं थोडय़ाच दिवसांत खऱ्या वादकांकडून वाजवून घेता येत होतं. काय वाजतं आणि काय नुसतं कागदावर छान दिसतं, हे या मुलाला मिसरूड फुटण्याआधी कळलं. त्याच्यातला कंडक्टर इथे घडला.

ऑक्टेट त्याने सोळाव्या वर्षी लिहिलं. चार व्हायोलिन, दोन व्हायोला, दोन चेलो. एकूण साधारण ३२ मिनिटं. त्याच काळातला रचनाकार श्पोर चार-चार वादकांच्या दोन चौकडय़ा समोरासमोर बसवून सवाल-जवाब घडवत असे. मेंडेल्सोनने आठही जणांचा एकच जमाव केला आणि स्वरलिपीत बजावून ठेवलं की सगळ्यांनी सिम्फनीच्या थाटात वाजवायचं, हळू आणि जोरात या खुणा काटेकोर पाळायच्या.

ऐकताना असं करा. पहिल्या भागात बाकीचे सात जण थरथरता पाया धरतात आणि पहिलं व्हायोलिन खालच्या सुरांतून थेट वर चढत जातं. एकदा फक्त त्या व्हायोलिनकडे कान द्या, मग मागे जाऊन फक्त चेलोंकडे. तिसरा भाग, स्केर्झो (चपळ, खेळकर भाग), जेमतेम साडेचार मिनिटांचा. तो सबंध भाग हळू आणि तुटक वाजवायचा असतो. वेग प्रचंड, आवाज कुजबुजीएवढा. इथे आवाज वाढवायचा मोह होतो, तो टाळा. शेवटचा भाग सर्वांत खालच्या चेलोवर सुरू होतो, मग एकेक वाद्य तोच सूर घेऊन वर येत जातं आणि आठही जण धावू लागतात. मध्येच हँडेलच्या ‘मसाया’तल्या ‘हालेलुया’ची एक ओळ सापडेल.

चूक होते ती रेकॉर्डिंग निवडताना. हीच रचना मोठय़ा तंतुवाद्यवृंदाने वाजवलेलीही मिळते. त्यात कडा बोथट होतात, स्केर्झो जड होतो. पहिल्यांदा आठ वादकांचंच घ्या.

दुसरी बैठक: ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ (१८२६ आणि १८४२)

शेक्सपिअरच्या या नाटकाचं ओव्हर्चर, म्हणजे वाद्यवृंदाची प्रस्तावनेसारखी एकभागी रचना, सतराव्या वर्षी लिहिलेलं, सुमारे १२ मिनिटं. सुरुवातीला फुंकवाद्यांचे चार लांब कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारे स्वरसमूह. पहिल्यात फक्त दोन फ्लूट, नंतर एकेक वाद्य मिसळत जातं. हे चार कॉर्ड मनात पक्के करा, कारण ते मध्ये एकदा आणि अगदी शेवटी पुन्हा येतात. त्यांच्या मागोमाग व्हायोलिनचे चार गट करून केलेली पऱ्यांची सळसळ. पुढे व्हायोलिन वरच्या सुरावरून धप्पकन खाली उडी मारतात: गाढवाचं डोकं लागलेल्या बॉटमचं ते रेकणं. याच बॉटमसाठी ऑफिक्लाइड नावाचं पितळी वाद्य योजलं होतं. आज ती जागा बहुधा टय़ूबा घेतो.

सोळा वर्षांनी प्रशियाच्या राजासाठी त्याने नाटकाचं बाकीचं संगीत लिहिलं, आणि ऑक्टोबर १८४३ मध्ये ते पॉट्सडॅमला रंगमंचावर आलं. दोन्ही सलग ऐका. तेहतिसाव्या वर्षीच्या माणसाने सतराव्या वर्षीची पऱ्यांची भाषा जशीच्या तशी उचलली आहे, सांधा सापडत नाही. स्केर्झोच्या शेवटी फ्लूटला श्वास घ्यायला जवळजवळ जागाच नसलेला एक लांब पट्टा आहे. फ्लूटवादक त्याची वर्षानुवर्षं तयारी करतात. ‘वेडिंग मार्च’ याच संचातला, चौथ्या आणि पाचव्या अंकांमधला. १८५८ साली राणी व्हिक्टोरियाच्या मुलीच्या लग्नात तो वाजला आणि मग लग्नांचाच होऊन बसला.

तिसरी बैठक: ११ मार्च १८२९

या संध्याकाळी मेंडेल्सोनची रचना नंतर, आधी बाखची. आज बाख सर्वांना ठाऊक आहे. पण १७५० मध्ये तो गेल्यावर ख्रिस्ताच्या यातनांवरचं त्याचं गायन-वादनाचं मोठं काम, ‘सेंट मॅथ्यू पॅशन’, जवळजवळ कुणी सादर केलंच नव्हतं. आजी बेला सालोमोन यांनी फेलिक्सला त्याची नक्कल भेट दिली होती. बर्लिनच्या झिंगअकाडमी या गायनसंस्थेत वीस वर्षांच्या या मुलाने ते उभं केलं. ख्रिस्ताची भूमिका गाणारा मित्र एडुआर्ड डेव्ह्रिएंट या खटपटीत बरोबरीने होता. जागा भरून गेली. २१ मार्चला, बाखच्या जन्मदिवशी, पुन्हा प्रयोग करावा लागला.

त्याने ते जसंच्या तसं केलं नाही. बरीच एकलगीतं गाळली, आणि ओबोच्या वापरातून गेलेल्या जुन्या प्रकारांच्या जागी क्लॅरिनेट घातले. आजच्या शुद्धतेच्या कल्पनेत हे खटकेल. पण तीन तासांचं अनोळखी काम श्रोत्यांपुढे न्यायचं तर ते त्यांच्या पचनी पडेल असं मांडणं हे कंडक्टरचंच काम, आणि त्याचा तो निर्णय योग्य होता असं आमचं मत आहे.

‘मॅथ्यू पॅशन’चा फक्त पहिला समूहगायनाचा भाग लावा, सात-आठ मिनिटं. दोन गायनवृंद, दोन वाद्यवृंद, आणि त्या सगळ्यांवरून तरंगत जाणारी उंच आवाजातली एक स्वतंत्र प्रार्थना. मग लगेच मेंडेल्सोनची पाचवी, ‘रिफॉर्मेशन’ सिम्फनी. तिच्या शेवटच्या भागात धर्मसुधारक ल्यूथरची प्रार्थना एकटय़ा फ्लूटवर सुरू होते आणि हळूहळू सगळा वाद्यवृंद तिच्यात सामील होतो. बाखकडून काय घेतलं हे इथे उघड ऐकू येतं.

चौथी बैठक: स्कॉटलंड आणि इटली

१८२९ च्या उन्हाळ्यात मित्र कार्ल क्लिंगेमानबरोबर तो स्कॉटलंडला गेला. ७ ऑगस्टला घरी लिहिलेल्या पत्रात त्याने ‘हेब्रिडीज’ ओव्हर्चरची सुरुवात उतरवली. स्टाफा बेटावरची फिंगलची गुहा त्याने पाहिली ती दुसऱ्या दिवशी. म्हणजे ती प्रसिद्ध सुरुवात गुहा बघण्याआधीची आहे. ‘हेब्रिडीज’ आणि ‘फिंगल्स केव्ह’ ही एकाच रचनेची दोन नावं. दोन वेगळी कामं समजून शोधत बसू नका.

दहा मिनिटांच्या या ओव्हर्चरवर अख्खी संध्याकाळ घालवली तरी ती सार्थकी लागेल. एका मापाएवढा (माप म्हणजे ठेक्याचं एक छोटं आवर्तन) छोटा तुकडा बसून, व्हायोला आणि चेलो उचलतात. तोच तुकडा पुन्हा पुन्हा येतो, पण दर वेळी त्याच्यावरच्या स्वरसंगतीचा रंग बदलतो. एक बंदिश धरून तीच ओळ वेगवेगळ्या अंगांनी खुलवणं ज्यांच्या कानाला सवयीचं आहे, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. दुसरी मोठी चाल चेलो आणि बसूनवर येते, खालून वर चढणारी, रुंद. शेवटाकडे ती क्लॅरिनेटवर परतते, अगदी शांत. हा परतीचा क्षण चुकवू नका. वाद्यंही मोजून घ्या: फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून, हॉर्न, ट्रम्पेट यांची एकेक जोडी, टिम्पनी, आणि तंतुवाद्यं. ट्रॉम्बोन नाहीत. एवढय़ा सामग्रीत समुद्र उभा केला आहे. तरीही १८३२ मध्ये त्याने फॅनीला तक्रारीच्या सुरात लिहिलं होतं की मधल्या भागाला माशाच्या तेलापेक्षा आणि खारवलेल्या मासळीपेक्षा काउंटरपॉइंटचाच वास जास्त येतो. त्याने तो दुरुस्त केला आणि त्याच वर्षी मे महिन्यात ओव्हर्चर लंडनला पहिल्यांदा वाजवलं गेलं.

‘इटालियन’ सिम्फनी लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीसाठी. १३ मे १८३३ ला त्यानेच संचालन केलं. सुरुवात मेजरमध्ये, म्हणजे उजळ वाटणाऱ्या स्वरमालेत, उसळती. शेवट मायनरमध्ये, म्हणजे गडद वाटणाऱ्या स्वरमालेत, साल्तारेलो या उडत्या लोकनृत्याच्या ठेक्यावर. आनंदात सुरू झालेली सिम्फनी अशी संपवणं त्या काळी विरळाच. तो स्वतः मात्र समाधानी नव्हता. नंतरचे तीन भाग त्याने १८३४ मध्ये पुन्हा लिहिले आणि हयातीत ती छापू दिली नाही. म्हणून दोन पाठ मिळतात. रेकॉर्डिंगवर ‘१८३४’ दिसलं तर तो सुधारलेला पाठ. आधी नेहमीचा ऐका, तोच जास्त जोरकस आहे.

तिसऱ्या, ‘स्कॉटिश’ सिम्फनीचं बीज १८२९ मध्ये एडिनबराच्या होलीरूडमधल्या पडक्या चॅपेलमध्ये पडलं, आणि ती पुरी झाली १८४२ मध्ये. चारही भाग न थांबता वाजवावेत अशी त्याची सूचना होती. रचनाकार आणि समीक्षक शूमनने तिच्याबद्दल लिहिताना चुकून तिला इटलीची समजून इटलीचीच वर्णनं केली! त्यामुळे धुकं, डोंगर, मेंढय़ा असं काही दिसलं नाही तर मन खट्टू करून घेऊ नका. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर पीटर माग याने केलेली ‘स्कॉटिश’ आणि क्लाउडियो आबाडोने केलेला पाचही सिम्फनींचा संच, हे दोन्ही भरवशाचे.

पाचवी बैठक: लाइपझिगचा कंडक्टर

डय़ुसेलडॉर्फमध्ये दोन वर्षं काढून तो १८३५ मध्ये लाइपझिगच्या गेवांडहाउस वाद्यवृंदाचा प्रमुख झाला. गेवांडहाउस म्हणजे कापडबाजाराची इमारत, सभागृह तिच्यात होतं. तोवर तिथे सिम्फनी चालू असताना मुख्य व्हायोलिनवादकच आपल्या जागेवरून इशारे देई. मेंडेल्सोन छडी घेऊन पुढे उभा राहिला आणि वाद्यवृंदाची सगळी जबाबदारी एका माणसावर आली. शूमनला हे फारसं रुचलं नाही. वाद्यवृंद प्रजासत्ताकासारखा असावा असं त्याचं म्हणणं. पण निकाल मेंडेल्सोनच्या बाजूने लागला. मुख्य व्हायोलिनवादक म्हणून त्याने मित्र फर्डिनांड डेव्हिडला आणलं. मेंडेल्सोनच्या जलद लयीबद्दल वाग्नरने पुढे कुरकुर केली.

त्याचा खरा वारसा कार्यक्रमपत्रिकेत आहे. त्या काळी मैफलीत मुख्यतः हयात लोकांचं ताजं संगीत वाजे. त्याने १८३८ पासून ‘ऐतिहासिक मैफली’ सुरू केल्या: बाख, हँडेलपासून बेथोवेनपर्यंत काळाच्या क्रमाने. आणि नवं संगीतही तितक्याच जिद्दीने मांडलं. शूबर्टची ‘ग्रेट’ सी मेजर सिम्फनी त्याच्या मृत्यूनंतर व्हिएन्नात भावाकडे पडून होती. शूमनने ती शोधली, मेंडेल्सोनने २१ मार्च १८३९ ला पहिल्यांदा वाजवली. शूमनची पहिली सिम्फनी ३१ मार्च १८४१ ला, मेंडेल्सोनच्याच हातून. बाखच्या स्मारकासाठी ६ ऑगस्ट १८४० ला त्याने लाइपझिगच्या थोमासकिर्शे या चर्चमध्ये एकटय़ाने ऑर्गन वाजवून निधी जमवला. स्मारक १८४३ मध्ये उभं राहिलं. त्याच वर्षी लाइपझिगचं संगीत विद्यालय त्याने स्थापलं.

ही बैठक तुम्हीच रचा. बाखचा एखादा छोटा तुकडा, बेथोवेनचं एखादं ओव्हर्चर, मग शूबर्टची ‘ग्रेट’. आज मुंबईत एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या मैफलीला बसलं तर पत्रिकेत जुनं आणि नवं असंच शेजारी शेजारी दिसतं. ही घडी बसवणाऱ्यांत मेंडेल्सोनचा वाटा फार मोठा आहे.

सहावी बैठक: व्हायोलिन कॉन्सर्टो, ओपस ६४

जुलै १८३८ मध्ये त्याने डेव्हिडला लिहिलं की तुझ्यासाठी ई मायनरमध्ये कॉन्सर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना) करायचा आहे, त्याची सुरुवात डोक्यातून जात नाही. काम पुरं झालं १८४४ मध्ये. १३ मार्च १८४५ ला डेव्हिडने ते पहिल्यांदा वाजवलं. मेंडेल्सोन आजारी होता, संचालन नील्स गाडेने केलं. मधल्या वर्षांत तांत्रिक बारकावे तो डेव्हिडला विचारत राहिला, म्हणून हातात व्हायोलिन असलेल्या माणसाला ही रचना अंगच्या कपडय़ासारखी बसते.

चार जागा पकडा. पहिली, सुरुवात: वाद्यवृंदाची लांबलचक प्रस्तावना नाही, दीड मापात व्हायोलिन थेट चालीवर. दुसरी, पहिल्या भागातली दुसरी चाल: ती फ्लूट आणि क्लॅरिनेट गातात, आणि एकल वादक खाली आपला सर्वांत खालचा, मोकळ्या तारेचा जी सूर नुसता धरून राहतो. पडद्याआडच्या तंबोऱ्यासारखा. मोबाइलच्या स्पीकरवर हरवतो तो हाच सूर. तिसरी, कॅडेन्झा, म्हणजे एकल वादकाचा मोकळा भाग. रिवाजानुसार तो शेवटी यायचा. मेंडेल्सोनने तो मध्ये, मूळ चाल परतण्याच्या ऐन आधी ठेवला आणि स्वतः लिहून दिला. व्हायोलिन चारही तारांवर धनुष्य उसळवत असतं आणि त्याच्या खालून वाद्यवृंद मूळ चाल घेऊन येतो. तान चालू असतानाच सम गाठावी तसं. एकल वादक अचानक साथीदार होतो!

चौथी जागा बसूनची. पहिला भाग दणक्यात संपतो, पण एक बसून आपला सूर सोडत नाही. त्याला धरूनच दुसरा संथ भाग उमलतो. ॲप दोन ट्रॅकमध्ये खंड पाडत असेल तर हा धागा इथे तुटतो. प्रत्यक्ष मैफलीत याच जागी टाळ्या पडतात आणि बसून बुडून जातो. जेवढय़ा कळकळीने हे सांगता येईल तेवढय़ा कळकळीने सांगतो: तिन्ही भाग संपेपर्यंत हात आवरा.

याच सुमाराचा ‘एलायजा’ हा ओरॅटोरिओ, म्हणजे गायक, गायनवृंद आणि वाद्यवृंद यांनी सांगितलेली धार्मिक कथा, २६ ऑगस्ट १८४६, बर्मिंगहॅम. दोन तासांहून मोठा. एका बैठकीत झेपत नाही. पहिला अर्धा, पाऊस येतो तिथपर्यंत, ऐकून थांबा.

सातवी बैठक: ओपस ८०, आणि फॅनी

१८५० साली वाग्नरने टोपणनावाने एक लेख छापला: मेंडेल्सोनकडे कसब आहे, पण ज्यू असल्यामुळे तो मनाचा तळ ढवळू शकत नाही. वर सांगितलेल्या शिक्क्याची दुसरी मुळी ही, आणि ती विषारी निघाली. नाझी काळात त्याच्या संगीतावर बंदी आली. नोव्हेंबर १९३६ मध्ये गेवांडहाउससमोरचा त्याचा पुतळा महापौर कार्ल गोर्डेलर परगावी असताना रातोरात काढून टाकला गेला; पुतळा परत बसेना म्हणून गोर्डेलरने पद सोडलं. तशीच प्रतिकृती २००८ पासून थोमासकिर्शेजवळ उभी आहे. लाइपझिगला गेलात तर आधी ती बघा, मग गोल्डश्मिटश्ट्रासे १२. तो याच घरात राहिला, याच घरात गेला, आणि आता तिथे संग्रहालय आहे.

वाग्नरला उत्तर म्हणून ओपस ८०, एफ मायनर तंतुवाद्य चौकडी लावा, साधारण २६ मिनिटं. १४ मे १८४७ ला फॅनी गेली. बातमीने तो कोसळला. त्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये असताना ही चौकडी सुरू झाली आणि सप्टेंबरमध्ये पुरी झाली. यात पऱ्या नाहीत. पहिला भाग थरथरत, दात खात सुरू होतो. दुसऱ्या भागात सूर एकमेकांशी कचकचतात आणि खाली चेलो-व्हायोला तेच तेच काळोखं वळण घेत राहतात. फक्त तिसऱ्या, संथ भागात रडायला थोडी जागा मिळते. ४ नोव्हेंबर १८४७ ला तोही गेला, वय ३८. बर्लिनमध्ये फॅनीशेजारी त्याला पुरलं.

फॅनीची काही गाणी आधी फेलिक्सच्या नावावर छापली गेली होती. १८४२ मध्ये बकिंगहॅम राजवाडय़ात राणी व्हिक्टोरियाने आवडीचं म्हणून नेमकं त्यातलंच एक गायलं, आणि ते बहिणीचं असल्याची कबुली त्याला द्यावी लागली. त्यामुळे ओपस ८० नंतर फॅनीची १८३४ ची ई फ्लॅट चौकडी ऐका. तिची बांधणी सैल आहे असं फेलिक्सने तिला लिहिलं होतं. आज कान देऊन ऐकलं तर तोच मोकळेपणा तिचं बळ वाटतो. मग वेळ असेल तर तिचं ‘दास यार’ (१८४१): वर्षाच्या बारा महिन्यांचे पियानोवरचे बारा तुकडे आणि शेवटी एक समारोप. सुरुवात मार्चपासून करा. त्यात ईस्टरची जुनी प्रार्थना खालून हळूच वर येते.